पदार्थविज्ञानाचे पहिले मराठी अर्धशतक

पेशवाईच्या अखेरीस एखाद्या खाऊनपिऊन सुखी अशा कारकुनाचा मुलगा पंतोजींच्या शाळेतून जे काही शिकून बाहेर पडे, त्यात धूळपाटीवर गिरवलेली अक्षरे, मोडीचे वळण, पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंतचे पाढे, जमाखर्चाची रीत आणि पाठ केलेली चार स्तोत्रे यांपलीकडे फारसे काही नसे. आणि एवढे शिक्षण फडातल्या लिहिण्याला किंवा पेढीवरच्या कामाला इतके पुरेसे होते की, पाऊस कशामुळे पडतो किंवा भरती-ओहोटीचा चंद्राशी काय संबंध आहे, हे शाळेने सांगावे अशी अपेक्षा ना मुलाच्या मनात होती, ना बापाच्या. याचा अर्थ असले ज्ञान देशात नव्हते असा नव्हे. ते ज्योतिष्यांच्या आणि वैद्यांच्या घराण्यांतून एखाद्या वतनासारखे बापाकडून मुलाकडे चालत आलेले होते. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५२० च्या सुमारास रचलेल्या ‘ग्रहलाघवा’वरून तीनशे वर्षे महाराष्ट्रातली पंचांगे होत होती, पण त्या पंचांगावर ज्याचे सारे सणवार आणि लग्नमुहूर्त चालत, त्या गृहस्थाला त्यामागचे गणित ठाऊक नसे आणि ते ठाऊक नसण्यात त्याला उणेही वाटत नसे.

ज्याला ज्योतिषी व्हावयाचे नाही, वैद्य व्हावयाचे नाही, यंत्रे चालवावयाची नाहीत, अशा सामान्य वाचकाला सृष्टीच्या शास्त्रांची साधार ओळख करून द्यावी, ही कल्पनाच मुळी नवी होती. आणि ती केवळ आपल्याकडेच नवी होती असे मानण्याचे कारण नाही, कारण खुद्द इंग्लंडातही ती त्याच काळात रुजत होती. मराठीत ती आली कशी, काही वर्षे तिला केवढा बहर आला, आणि पुढे परीक्षार्थी विद्यार्थ्याने त्या सामान्य वाचकाला कसे हुसकावून लावले, हा आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातला एक मजेदार आणि काहीसा दुर्लक्षित भाग आहे.

आरंभ सरकारी गरजेतून झाला. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा मुंबईचा गव्हर्नर असताना, १८२२ मध्ये, शाळा काढण्यासाठी व शालेय पुस्तके तयार करवण्यासाठी मुंबईत एक मंडळी स्थापन झाली. लोक तिला ‘हैंदशाळा व शाळापुस्तक मंडळी’ म्हणत, आणि तिचे एतद्देशीय चिटणीस होते ‘बाळमित्र’कर्ते सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे. पुढच्याच वर्षी कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस याच्या देखरेखीखाली मुंबईत इंजिनियरीचे शिक्षण देणारी एक संस्था निघाली. नव्याने हाती आलेल्या मुलखाची मोजणी करावयाची, रस्ते बांधावयाचे, पूल उभारावयाचे, तर त्या कामावर देखरेख करणारे देशी लोक हवेत, आणि त्यांना शिकवावयाचे तर ते मराठीत आणि गुजरातीतच शिकवले पाहिजे, असा जर्व्हिसचा रोकडा हिशेब होता. जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्यासारख्या शास्त्र्यांना हाताशी धरून त्याने हटन या इंग्रज गणितज्ञाचा ग्रंथ मराठीत आणवला. १८२६ साली डॉक्टर मॅक्लेनन याने देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा काढली. ती १८३२ मध्ये बंद पडली, आणि तिच्याविषयी इथे याहून अधिक सांगण्याचे प्रयोजन नाही. या दोन्ही संस्थांची पुस्तके धंद्याची होती. भूमिती शिकावयाची ती जमिनीची मापे घेण्यासाठी, आणि शारीर शिकावयाचे ते सरकारी दवाखान्यात चाकरी करण्यासाठी.

धंद्याच्या या कुंपणाबाहेर पहिले पाऊल टाकण्याचा मान हरि केशवजी पाठारे या गृहस्थांना द्यावा लागतो. ‘यात्रिकक्रमण’ या भाषांतरामुळे वाङ्मयाच्या इतिहासात त्यांचे नाव अधूनमधून येते. पण माझ्या मते त्यांची खरी कामगिरी १८३० ते १८४० या दशकातल्या दोन पुस्तकांत आहे. एक ‘सिद्धपदार्थविज्ञानशास्त्रविषयक संवाद’ आणि दुसरे ‘रसायनशास्त्रविषयक संवाद’. नावे भारदस्त आहेत, आणि ती पाहूनच पुष्कळ वाचक पुस्तकापासून चार हात दूर राहिले असतील अशी शंका येते; परंतु ज्या मूळ ग्रंथांवरून ही पुस्तके उतरली, ते ग्रंथ मात्र अत्यंत सुगम आणि त्या काळी अतोनात लोकप्रिय होते.

त्यांची लेखिका जेन मार्सेट ही लंडनमधल्या एका सुखवस्तू घराण्यातली बाई. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हंफ्री डेव्हीची रसायनावरची व्याख्याने ऐकावयास ती जात असे, आणि व्याख्यान ऐकून घरी आल्यावर त्यातले अर्धेअधिक आपल्याला नीट उमगले नाही, ते कोणाशी तरी बोलूनच उमगते, हा अनुभव तिला वारंवार येई. त्या अनुभवातून तिने रसायनशास्त्राचे एक पुस्तक रचले, ज्यात एक शिक्षिका आणि तिच्या दोन शिष्या यांच्यात प्रश्नोत्तरे चालतात. एक शिष्या शहाणी आणि अभ्यासू, तर दुसरी उतावळी, नाना शंका काढणारी आणि म्हणूनच वाचकाला अधिक जवळची. पहिल्या पुस्तकाला यश आल्यावर तिने पदार्थविज्ञानावर असेच दुसरे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्यात गुरुत्वाकर्षण, गतीचे नियम, साधी यंत्रे, ग्रहांची गती, भरती-ओहोटी, पाण्याचा व हवेचा दाब, ध्वनी आणि प्रकाश अशी सारी सृष्टी ओळीने मांडली. लंडनमधल्या एका बुकबाइंडराच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या एका गरीब मुलाच्या हाती बांधणीसाठी आलेल्या पुस्तकांत तिचे रसायनाचे पुस्तक आले आणि त्याला या शास्त्राची गोडी लागली. तो मुलगा म्हणजे मायकेल फॅरडे. १८३१ मध्ये त्याने चुंबकापासून विद्युत्प्रवाह उत्पन्न करून दाखवला, आणि ज्या पुस्तकाने त्याला या वाटेला लावले त्याचे मराठी रूप त्याच दशकात मुंबईस छापले गेले. आपल्याकडचे सारे काही पन्नास वर्षे उशिराने येते असा जो एक समज आहे, त्याला हा छेद देणारा दाखला म्हणून ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

मूळ पुस्तक स्त्रियांसाठी, स्त्रीने, स्त्रियांच्या तोंडी घालून लिहिलेले. पण मराठीत ते उतरले तेव्हा महाराष्ट्रात मिशनऱ्यांच्या शाळा सोडल्या तर मुलींची म्हणावी अशी शाळाच नव्हती. जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली ती १८४८ मध्ये, आणि एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या त्या १८४९ मध्ये. तेव्हा मार्सेटबाईंचा बोध पहिली दहा-पंधरा वर्षे मुलग्यांनाच लाभला. मात्र संवादाची जी पद्धत तिने स्वीकारली होती ती मराठी वाचकाला मुळीच परकी नव्हती. गुरूला शिष्याने प्रश्न विचारावा, गुरूने उत्तर द्यावे, शिष्याचे समाधान न होऊन त्याने पुन्हा विचारावे, ही उपनिषदांपासून आपल्या ग्रंथांची रीत; कीर्तनात आणि पुराणात नित्य ऐकलेली. म्हणून मला असे वाटते की हरि केशवजींनी दुसरे एखादे शिस्तबद्ध पाठ्यपुस्तक न घेता हे घेतले, यात निवडीची चोख दृष्टी होती. दुर्दैवाने त्यांच्यामागून आलेल्या बहुतेक शास्त्रीय ग्रंथकारांनी ही वाट सोडली आणि व्याख्या, नियम, उदाहरण या क्रमाने चालणारे कोरडे गद्य पत्करले.

हरि केशवजींचे आणखी एक भाषांतर ‘विद्येचे उद्देश, लाभ आणि संतोष’ या नावाचे आहे. ते लॉर्ड ब्रूमच्या पुस्तकावरून केलेले. उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करण्यासाठी लंडनमध्ये जी सोसायटी निघाली होती तिचा ब्रूम हा प्रवर्तक. उद्देश आणि लाभ हे कोणत्याही सरकारी खलित्यात सापडतील. परंतु शास्त्र जाणून घेण्यात एक स्वतंत्र संतोष आहे, पोट भरण्याशी किंवा पुण्य जोडण्याशी त्याचा संबंध नाही, ही गोष्ट त्या काळच्या मराठी पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापली जावी, हे मला फार मोलाचे वाटते.

या मताचा सर्वांत समर्थ पुरस्कर्ता अर्थातच बाळशास्त्री जांभेकर. कोकणातल्या पोंभुर्ल्याचा हा तरुण १८३२ च्या ६ जानेवारीला ‘दर्पण’ काढतो, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये असिस्टंट प्रोफेसर होतो, कुलाब्याच्या वेधशाळेचा कारभार काही काळ सांभाळतो आणि १८४६ मध्ये, वयाची पस्तिशीही न गाठता, मरण पावतो. या अल्प आयुष्यात त्याने शून्यलब्धीच्या, म्हणजे कॅल्क्युलसच्या, गणितापासून ज्ञानेश्वरीच्या मुद्रणापर्यंत काय काय केले याची यादी लांबलचक आहे. आपल्या विषयाशी संबंध आहे तो १८४० मध्ये त्याने काढलेल्या ‘दिग्दर्शन’ मासिकाचा. भूगोल, इतिहास, पदार्थविज्ञान, गणित अशा विषयांवरचे लेख, सोबत नकाशे आणि आकृती, आणि वाचक कोण, तर शाळा सोडून नोकरीला लागलेला, पण शिकण्याची हौस न सुटलेला माणूस. वर्तमानपत्राने बातमी द्यावी आणि मासिकाने ज्ञान द्यावे, अशी वाटणी जांभेकरांच्या मनात स्पष्ट होती. ‘दर्पण’ला जो मान पुढे मिळाला तो ‘दिग्दर्शन’ला मिळाला नाही, याचे कारण पत्रकार आपला इतिहास लिहितात आणि शास्त्राचे शिक्षक लिहीत नाहीत एवढेच असावे.

येथे एक प्रश्न उभा राहतो. पृथ्वी वाटोळी आहे आणि ती सूर्याभोवती फिरते, हे वाचून मेरु पर्वत आणि सात समुद्र यांवर श्रद्धा असलेल्या वाचकाने काय केले? मिशनऱ्यांना हा प्रश्न फार सोयीचा होता. पुराणांचा भूगोल खोटा ठरला की पुराणेच खोटी ठरली, असा त्यांचा युक्तिवाद असे, आणि अमेरिकन मिशनने १८४२ पासून चालवलेल्या ‘ज्ञानोदया’त शास्त्रीय माहितीला जी जागा मिळे तिच्यामागे हा हेतू लपलेला नसे. पण याला एक दुसरे, अधिक विचक्षण उत्तर माळव्यातून आले. भोपाळकडचा पोलिटिकल एजंट लान्सलट विल्किन्सन याने सिहोर येथे पाठशाळा चालवली होती. त्याच्याजवळ सुबाजी बापू नावाचे एक पंडित होते. त्यांनी १८३६ मध्ये ‘सिद्धांतशिरोमणिप्रकाश’ हा मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांची मांडणी अशी: पुराणांत पृथ्वी सपाट, तर भास्कराचार्यांच्या सिद्धांतात ती गोल आणि आधाराशिवाय आकाशात राहिलेली, म्हणजे आपल्याच आचार्यांनी सातशे वर्षांपूर्वी पुराणांचा भूगोल बाजूला सारला होता. मग ज्या तर्काने भास्कराचार्य पुराणांच्या पुढे गेले, त्याच तर्काने कोपर्निकस भास्कराचार्यांच्या पुढे गेला, हे मान्य करण्यात शास्त्र्याने कमीपणा का मानावा?

ही मांडणी मला मिशनऱ्यांच्या मांडणीहून आणि केवळ अभिमानाने जुन्याला चिकटून राहणाऱ्यांच्या मांडणीहूनही सरस वाटते. कारण तीत वाचकाला आपली परंपरा टाकावी लागत नाही, आणि खोटे बोलावेही लागत नाही. याच सिहोरच्या पाठशाळेत विल्किन्सनपाशी शिकलेला एक पुणेकर मुलगा पुढे काशीच्या संस्कृत कॉलेजात बापूदेवशास्त्री म्हणून नावाजला. खुद्द महाराष्ट्रात मात्र सुबाजी बापूंच्या पुस्तकाचा म्हणावा तसा बोलबाला झाला नाही. माळवा दूर, आणि पुण्याचे शास्त्रीमंडळ एका एजंटाच्या आश्रयाखालच्या पंडिताचे ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

पुण्यात या काळात झगडा चालला होता तो दक्षिणेच्या पैशावर. श्रावणमासी ब्राह्मणांना दक्षिणा वाटण्याचा पेशव्यांचा शिरस्ता कंपनी सरकारने एकदम मोडला नाही. त्या निधीतला एक भाग १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात काढलेल्या संस्कृत पाठशाळेकडे वळवला, आणि उरलेला मामूलप्रमाणे वाटला जात राहिला. १८४९ मध्ये लोकहितवादींच्या पुढाकाराने काही तरुणांनी सरकारकडे अर्ज केला की, हा पैसा जन्माने ब्राह्मण असणाऱ्यास वाटण्याऐवजी मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारास द्यावा. शहरात मोठी खळबळ उडाली, अर्जदारांवर बहिष्काराच्या गोष्टी झाल्या. पण सरकारने अर्जातले तत्त्व उचलले आणि १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी नेमली गेली. ग्रंथ लिहून कमिटीकडे पाठवावा, तो पसंत पडल्यास बक्षीस मिळावे, अशी तजवीज झाली. पुढल्या पिढीतल्या मराठी शास्त्रीय पुस्तकांच्या खर्चाचा हिशेब पाहिला, तर वेदपठणासाठी राखलेल्या या मोहरांनीच त्यांपैकी कितीतरी पुस्तकांची छपाई झाली असे दिसून येईल.

मुंबईत तरुण पिढीने सरकारी पैशाची वाट न पाहता स्वतःच उद्योग आरंभला होता. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी प्रोफेसर पॅटन यांच्या प्रेरणेने एक साहित्य व विज्ञान विषयांची सभा काढली. दादाभाई नौरोजी हे तिच्या कार्यकर्त्यांपैकी एक होते. तिच्या शाखा म्हणून मराठी आणि गुजराती अशा दोन ज्ञानप्रसारक सभा निघाल्या, आणि मराठी सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे आले. सभेत निबंध वाचावा, त्यावर चर्चा व्हावी, आणि तो निबंध १८५० पासून निघू लागलेल्या ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकात छापावा, असा क्रम होता. त्याच सुमारास, १८५३ मध्ये, बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, पाठोपाठ तारायंत्र आले, आणि जे कालपर्यंत पुस्तकातले होते ते लोकांच्या डोळ्यांदेखत वाफ सोडीत चालू लागले. वाफेच्या बळाविषयी वाचण्याची उत्सुकता लोकांना तेव्हा जितकी होती तितकी पुन्हा कधी झाली असेल असे वाटत नाही. पुण्यास कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी १८६१ मध्ये ‘अनेकविद्यामूलतत्त्वसंग्रह’ प्रसिद्ध केला. रासेलसची कथा आणि अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी मराठीत आणणारा हा रसिक शास्त्री अनेक विद्यांची मूलतत्त्वेही एका पुस्तकात आणावयास बसतो, हे त्या पिढीचे लक्षणच म्हटले पाहिजे. साहित्याचा वाचक निराळा आणि शास्त्राचा वाचक निराळा, हा भेद त्यांच्या गावी नव्हता.

मग हा प्रवाह पुढे आटला तो कशामुळे? त्या आटण्याची मुळे १८४७ च्या एका वादात सापडतात. सरकारी शिक्षणखात्याच्या बोर्डाचा अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हा न्यायाधीश. उच्च शिक्षण इंग्रजीतूनच दिले पाहिजे, देशी भाषांत त्यासाठी ना शब्द आहेत ना ग्रंथ, असा त्याचा आग्रह. त्याच्या विरोधात उभा राहिला तो जर्व्हिस, आता कर्नल झालेला. आणि जर्व्हिसच्या बाजूने मत देणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही देशी सभासद होते. शब्द नाहीत असे म्हणणाऱ्या पेरीला हरि केशवजींची पुस्तके कोणी दाखवली की नाही हे राहू द्या. दाखवली असती तरी त्याचे मत फिरले नसते, कारण त्याला मराठीत शास्त्र नव्हे, इंग्रजीत हुशार असे नोकरदार हवे होते. पुढे १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, ते इंग्रजीचेच झाले. पहिल्या काही वर्षांनंतर वरच्या परीक्षांतून मराठी भाषाही उठली, आणि १८८० च्या सुमारास शास्त्राची वेगळी पदवी आली तेव्हा पदार्थविज्ञान हा विषय पदवीसाठी इंग्रजीत आणि व्हर्नाक्युलर फायनलसाठी मराठीत, अशी वाटणी कायमची झाली. जे मराठीत ते पोरासोरांचे, अशी समजूत त्यातून शिष्टजनांत पसरली. ‘ज्ञानप्रसारक’ १८६७ मध्ये बंद पडले.

या संधिकालात जो एक पुरुष दोन्ही बाजूंना सारख्याच अधिकाराने उभा होता, तो केरो लक्ष्मण ऊर्फ केरूनाना छत्रे. बापू छत्र्यांचा हा पुतण्या अलिबागजवळच्या नागावचा. एल्फिन्स्टनमध्ये प्रोफेसर ऑर्लेबारपाशी शिकला आणि त्याच्याच हाताखाली कुलाब्याच्या वेधशाळेत लागला. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जात असे. ठरल्या घटकेला सुईचे विचलन वाचावे, नोंदवहीत लिहावे, हे काम करता करता केरूनानांच्या अंगी अंकांविषयी जो विश्वास आला तो पुस्तके वाचून येणारा नव्हे. त्यांनी शाळांसाठी पदार्थविज्ञानाचे पुस्तक लिहिले, पुण्याच्या कॉलेजात गणित व सृष्टिशास्त्र शिकवले, टिळकांसारखे शिष्य तयार केले. आणि १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा ग्रंथ मराठीत प्रसिद्ध करून, युरोपीय गणिताने ग्रहांची स्थाने काढण्याचे साधन गावोगावच्या जोशांच्या हाती दिले.

त्यावर आधारलेले पंचांग आबासाहेब पटवर्धनांच्या आश्रयाने १८६५ पासून निघू लागले, तेच पटवर्धनी पंचांग. रेवतीचा योगतारा आरंभस्थान मानल्यामुळे त्यातली संक्रांत आणि अधिकमास रूढ पंचांगाशी जुळेनात. मग कोणती संक्रांत खरी यावर घराघरांत वाद सुरू झाले. पुराणिकांना जे जमले नव्हते आणि मिशनऱ्यांनाही जमले नव्हते, ते या पंचांगाने केले. आकाशातला ग्रह प्रत्यक्ष कुठे आहे, आणि तो पाहून ठरवावे की पोथी पाहून, हा खगोलशास्त्रातला मूलभूत प्रश्न त्याने स्वयंपाकघरापर्यंत नेला. लोकांनी पटवर्धनी पंचांग फारसे स्वीकारले नाही, ही गोष्ट निराळी. वाद घालावयास मात्र ते शिकले. केरूनाना १८८४ मध्ये वारले.

त्यांच्यानंतर दोन नावे घेतली की आपले अर्धशतक पुरे होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले बाळाजी प्रभाकर मोडक यांनी रसायन, पदार्थविज्ञान इत्यादी विषयांवर इतकी मराठी पुस्तके लिहिली की एका माणसाच्या हातून एवढे लेखन व्हावे याचा अचंबा वाटतो, आणि शिवाय कोल्हापूर व कर्नाटकातल्या संस्थानांचा इतिहास त्यांनी लिहिला तो वेगळाच. पण मोडकांचा वाचक बाकावर बसलेला आहे. त्याच्यापुढे परीक्षा आहे. दुसरे शंकर बाळकृष्ण दीक्षित. दापोलीजवळच्या मुरुडचे, मॅट्रिकपलीकडे कॉलेजची पायरी न चढलेले, शाळामास्तर म्हणून जन्म काढलेले हे गृहस्थ ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या १८९६ च्या प्रचंड ग्रंथामुळे विद्वानांत मान्यता पावले. परंतु त्याआधी त्यांनी ‘ज्योतिर्विलास’ लिहिला, तो रात्री जेवण झाल्यावर अंगणात खाटेवर पडून वर पाहणाऱ्या कोणत्याही माणसासाठी. त्याला कोणतीही परीक्षा द्यावयाची नाही, आणि पंचांगही करावयाचे नाही. मोडकांची पुस्तके अभ्यासक्रम बदलताच मागे पडली. दीक्षितांचे पुस्तक आजही हाती धरले तर खाली ठेववत नाही.